मुरलेलं आणि भुरभुरलेलं

ललिता ओव्हाळ कामावर पोचली की आधी बांगड्या काढते. मग अंगठी, मग कानातले. सगळं प्लास्टिकच्या डबीत घालून झाकण लावते, साबणानं कोपरापर्यंत हात धुते आणि मगच नमुन्यांच्या खोलीचं दार उघडते. नवीन माणसाला वाटतं, बाई आत ऑपरेशन करणार आहेत.

आत असतात पानं. वाळलेली पानं, पानांची पूड, मातीच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. शिरूरच्या एका खासगी कॉलेजात अशी छोटी प्रयोगशाळा आहे, आणि ललिता तिथली अटेंडंट. एकोणीस वर्षांपूर्वी ती झाडलोटीला लागली तेव्हा दहावी नापास होती. नंतर तिथल्याच टेबलावर बसून दहावी झाली. आता एम.एस्सी.ची मुलं-मुली आली की विभागाच्या प्रमुख अनुपमा मॅडम त्यांना पहिले पंधरा दिवस ललिताकडे सोपवतात. पान धुवायचं कसं, ओव्हनमध्ये वाळवायचं किती, आणि कुटायचं कशात, हे ती शिकवते. कुटायचं ते अकीकाच्या गुळगुळीत दगडी खलात, दुसऱ्या कशातही नाही.

"पितळेच्या खलात कुटलं तर तांबं सापडणारच," ती म्हणते. "मग तुम्ही पान तपासलं का खल?"

प्राची नावाची एक विद्यार्थिनी नखांना चमचमतं नेलपॉलिश लावून आली, तेव्हा ललितानं तिला एसटी स्टँडसमोरच्या दुकानात रिमूव्हर आणायला पाठवलं होतं. प्राची रडकुंडीला आली. आज ती नगरला नोकरी करते आणि दिवाळीला ललिताला फोन करते.

ही शिस्त घरीही येते, हा घरच्यांचा त्रास. ललिताचं घर मांडवगण फराट्यात. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: काय आहे, कुठून आणलं, कोणत्या तारखेला, चाळलेलं की बिनचाळलेलं. नवरा नागसेन रांजणगावच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. तो पाहुण्यांना सांगतो, "आमच्यात भाकरी मागताना नमुना क्रमांक सांगावा लागतो."

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत एक नवीन यंत्र आलं. दिसायला ड्रिल मशीनसारखं, हातात धरायचं. सगळे त्याला बंदूकच म्हणतात. तिच्यातून क्ष-किरण पडतात, आणि समोरच्या वस्तूत जो धातू असेल तो आपल्या ठरलेल्या ताकदीचे किरण उलट सोडतो. स्क्रीनवर त्यांचा आलेख उमटतो. त्याला वर्णपट म्हणतात. ललिता त्यातल्या टोकांना शेंडे म्हणते. लोखंडाचा शेंडा कुठं, जस्ताचा कुठं, हे तिला आता रांगेतल्या घरांसारखं पाठ आहे. शिशाचे दोन शेंडे. "एकच दिसला तर बोलायचं नाही," ती मुलांना बजावते. "पहिल्या शेंड्याच्या जागी आर्सेनिक पण उगवतं. दुसरा दिसला की मगच शिसं म्हणायचं."

त्या सोमवारी नमुना क्रमांक एकशे चौदाला दोन्ही शेंडे दिसले.

तो नमुना कुणाचा, हे कागदावर नव्हतं. पण पिशवीवर नंबर ललितानंच घातला होता. ती अनसाबाईंच्या शेवग्याच्या पाल्याची पूड होती.

अनसाबाई फराटे मांडवगणच्याच. पंचावन्न वर्षांच्या, विधवा, घरची बारा एकर. बारा एकरांचा कारभार मुलगा विश्वजीत बघतो, आणि कारभार म्हणजे ऊस. अनसाबाईंना त्यात विचारत कुणी नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत शेवग्याचं बी टाकलं आणि बांधावर एकशे चाळीस झाडं उभी केली. बचत गटातल्या अकरा बायका पाला काढतात, सावलीत वाळवतात, दळून पूड करतात. कुणी ती पिठात घालतं, कुणी ताकात. दौंडच्या एका औषधी दुकानदारानं चाळीस किलोची मागणी दिली होती, एवढी अट घालून की धातूंची तपासणी करून द्या. "आमची ललिता हाय की तिथं," असं अनसाबाईंनी त्याला ऐटीत सांगितलं होतं.

शिशाची हद्द किलोमागे दहा मिलिग्रॅमची. आकडा आला अडतीस.

अनुपमा मॅडमनी आलेख पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "ललिताताई, हे झाडानंच ओढलेलं असलं तर अवघड आहे. मातीतून, पाण्यातून मुळांनी घ्यायचं आणि पानाच्या पेशींच्या भिंतीत धरून ठेवायचं. तिथं चिकटलेला धातू धुऊन जात नाही, शिजवून जात नाही. मग तो पाला कुणी खाऊच नये."

"मग झाडं?"

"मग झाडं ठेवून करायचं काय?"

संध्याकाळच्या एसटीत ललिताला बसायला जागा मिळाली, तरी तिला बसवेना. नोंदवहीतलं नाव बघून मॅडमनी निकाल अनसाबाईंना फोनवर कळवलाच होता. ललिता गावात उतरली तेव्हा तो तिच्या आधी पोचलेला होता.

"ये गं बाई," अनसाबाई ओट्यावरूनच म्हणाल्या. "घरचीच परीक्षक, आन् घरच्यांनाच नापास केलंस."

"मी न्हाई केलं. आकडा आला तो."

"आकडा आला, पन वाचला कुणी? तूच ना?" अनसाबाई हसत बोलत होत्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं. "विश्वजीतनं जेसीबीवाल्याला सांगितलंय. पुढच्या सोमवारी झाडं काढायची, बांध सरळ करायचा, दोन सऱ्या उसाच्या वाढत्यात म्हणे. पोरगं आईला इतकं खूश होऊन चहा करून देत होतं, मला वाटलं लग्नच ठरलं ह्याचं."

आतून विश्वजीत म्हणाला, "आई, मी काय शिसं घातलं का त्यात? इषारी हाय म्हनल्यावर ठेवायचं कशाला?"

त्याचं चूक नव्हतं. हीच पंचाईत होती.

"अनसाबाई, उद्या सकाळी मी पाला तोडून नेते," ललिता म्हणाली. "झाडावरचा. पुडीचा न्हाई."

"ने बाई. सोमवारपर्यंत माझाच हाय."

मंगळवारी पहाटेच्या दवात ललितानं बांधावरच्या दहा झाडांचा पाला तोडला, कागदी पिशव्यांत भरला. प्रयोगशाळेत निम्मा शुद्ध पाण्यानं धुतला, निम्मा तसाच ठेवला. ओव्हनमध्ये वाळवला, अकीकाच्या खलात कुटला. खांदा भरून आला. बुधवारी छोट्या कपांत भरून बंदुकीसमोर ठेवला.

शिशाच्या जागी सपाट. धुतलेल्यात सपाट, न धुतलेल्यातही सपाट. लोखंड होतं, जस्त होतं, कॅल्शियम तर पोतंभर होतं. शिसं नाही.

"बॅच वेगळी असेल," मॅडम म्हणाल्या. त्या घाईनं आनंद मानणाऱ्यांतल्या नाहीत. "पूड जुन्या पाल्याची, हा नवा. नव्या पानात अजून धातू चढला नसेल."

ललितानं मान डोलावली. मग तिनं जुन्या पुडीची पिशवी पुन्हा काढली आणि विचारलं, "मॅडम, ह्याचेच दहा कप करू?"

"एकाच पुडीचे दहा? कशाला?"

इंग्रजी शब्द ललिताला येत होते, पण ही गोष्ट तिला स्वयंपाकघरातूनच सुचली होती. "भाजीत शिजताना घातलेलं मीठ मुरतं. कुठलाही घास घ्या, चव सारखी. पण मीठ विसरलं आणि ताटात वरून भुरभुरलं, तर एक घास अळणी, एक घास खारट. झाडानं पेशीत धरलेलं शिसं मुरलेलं असणार. दहाही कपांत आकडा साधारण सारखा यायला पाहिजे."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच कप मांडायला घेतले.

पहिल्या कपात चार. दुसऱ्यात एकसष्ट. तिसऱ्यात काही नाही. चौथ्यात सत्तावीस. सहाव्याला एकदम शंभराच्या वर गेला आणि सातव्याला पुन्हा खाली आला.

"भुरभुरलेलं," मॅडम म्हणाल्या.

"भुरभुरलेलं," ललिता म्हणाली, आणि त्या दोघी परीक्षेत पेपर सोपा गेलेल्या मुलींसारख्या हसल्या. मग मॅडम गंभीर झाल्या. "पण कुठून? झाडापासून पिशवीपर्यंत पाला कुठं कुठं जातो ते बघा. ते सापडल्याशिवाय मी कुणाला काही लिहून देणार नाही."

गुरुवारी ललितानं अर्धी रजा टाकली आणि पाल्याच्या मागे मागे चालली. अनसाबाईंच्या सोप्यात पाला जुन्या सुती लुगड्यांवर वाळत होता. लुगडी तिनं उलटीपालटी करून पाहिली, छताचा रंग पाहिला, टोपल्या पाहिल्या.

"माझं घर तपासायला आलीस व्हय?" अनसाबाई म्हणाल्या. "थांब, जाळी काढते मग."

"जाळ्यात शिसं नसतं. दळायला कुठं देता?"

"पोपटरावाच्या गिरणीत. दुसरी हाय कुठं? आन् आमचा पहिला नंबर असतो बरं का. शनिवारी सकाळी मशीन धुऊन-पुसून, पूजा झाली की पहिला पाला. मिरचीच्या मागं दळलं तर पूड तिखट हुती. म्हनून मी पोपटरावाला भांडून मान घेतलाय पहिला."

पोपटरावांची गिरणी मारुतीच्या देवळाला लागून. ज्वारी-बाजरीचं जातं एका बाजूला, मिरची-मसाला कुटायचं यंत्र दुसऱ्या बाजूला. पोपटराव सत्तरीचे, अंगावर कायम पिठाची पातळ साय. ललितानं मिरचीच्या यंत्राजवळ जाऊन वाकून पाहिलं. वर माल ओतायचं पत्र्याचं रुंद तोंड. त्या तोंडाच्या आतल्या कडेला, जिथून माल खाली घसरतो तिथंच, पाच बोटांचे पाच ठिपके. तेलात कालवलेला शेंदूर. जुन्या थरांवर नवे थर बसून पापुद्रे सुटले होते, आणि काही पापुद्रे जागेवर नव्हते.

शेंदूर पुष्कळदा शिशाचाच असतो, हे ललिताला ती कामाला लागली तेव्हाच्या विभागाच्या सरांनी सांगितलं होतं. शनिवारी पूजा, शनिवारी ताजा शेंदूर, आणि त्यावरून सगळ्यात आधी घसरणारा पाला अनसाबाईंचा. भांडून घेतलेल्या पहिल्या नंबराचा.

"काय हरवलं का गं?" पोपटरावांनी विचारलं.

"न्हाई आप्पा. बघत हुते."

ती तशीच घरी आली. तिला कळलं होतं, आणि ते तिनं बोलायचं नव्हतं. तिच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. तिनं तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ कोण काय म्हणालं असतं, हे तिला शब्दाशब्दानं ठाऊक होतं. ह्यांना देव नकोत, म्हणून आता शेंदूर इषारी.

नागसेन चपाती मोडत म्हणाला, "मग तू बोलूच नको. मशीनला बोलू दे. तिला ना जात, ना सासर."

"आणि झाडं सोमवारी निघाली तर?"

"म्हणून तर म्हणतो, मॅडमला बंदूक घेऊन उद्याच बोलाव."

शुक्रवारी दुपारी अनुपमा मॅडम स्वतःच्या गाडीनं मांडवगणला आल्या. मागच्या सीटवर बंदुकीची काळी पेटी. गिरणीसमोर गट आधीच जमला होता, विश्वजीतही आला होता, आणि पोपटरावांच्या आई साळूबाई खुर्ची मागवून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या नव्वदीच्या आहेत आणि गावातलं काही चुकवत नाहीत.

मॅडमनी सगळ्यांना मागं सरकवलं. "समोर कुणी हात घालायचा नाही. यातून क्ष-किरण निघतात."

"म्हंजी आमच्या गिरणीचा एक्स-रे काढताय व्हय?" पोपटराव म्हणाले. "काढा. मोडलं असंल तर प्लास्टर पन घाला."

मॅडमनी आधी वाळलेला पाला पाहिला. शिसं नाही. मग लुगडं. नाही. मग यंत्राच्या तोंडाचा कोरा पत्रा. लोखंडाचा उंच शेंडा, शिसं नाही. ललिता शेजारी स्क्रीन धरून उभी होती आणि प्रत्येक वेळी आकडा मोठ्यानं वाचत होती. मग मॅडमनी बंदूक शेंदराच्या ठिपक्याला लावली.

दोन्ही शेंडे असे वर गेले की स्क्रीनच्या वरच्या कडेला टेकले.

"वाच की गं," अनसाबाई म्हणाल्या.

ललिता वाचेना. तिनं स्क्रीन पोपटरावांसमोर धरली. "आप्पा, तुम्हीच बघा. हितं सपाट हुतं मघाशी. आता ही दोन टोकं दिसत्यात, ती शिशाची."

पोपटरावांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. त्यांनी स्क्रीन पाहिली, ठिपका पाहिला. बायकांत कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालंच, "आता देवाचं पन तपासायला लागले."

पोपटराव ललिताकडे वळले. "तुला कालच कळलं हुतं. वाकून वाकून बघत हुतीस."

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

ललिता खाली बघत म्हणाली, "मी बोलले असते तर ते माझं बोलणं झालं असतं, आप्पा."

पोपटरावांनी पिठाळ हातानं मान खाजवली. "माझीच अक्कल गहाण. देवाला मशिनीच्या तोंडात उभा करून वरनं मिरची वतायची, हे कुठल्या शास्त्रात हाय? किती वर्षं डोळं चुरचुरलं असतील त्याचं!" ते मागच्या कुजबुजीकडे बघून म्हणाले, "शेंदूर देवळात. हितं चौकटीला बाहेरनं हळदी-कुंकू. विश्वजीत, तो पाना दे. हे तोंडच बदलतो. नवीन पत्रा पडलाय माझ्याकडं."

"मी?" विश्वजीत म्हणाला.

"मग काय जेसीबी बोलावू?"

हशा झाला, आणि विश्वजीतला पाना धरावा लागला.

मग एकाएकी सगळ्यांच्या लक्षात आलं की त्या तोंडातून फक्त पाला जात नव्हता. बायका घराकडे पळाल्या आणि बरण्या, डबे, पिशव्या घेऊन परतल्या. लाल तिखट, काळा मसाला, हळद. संध्याकाळपर्यंत मॅडम आणि ललिता बरण्या तपासत बसल्या. ज्यांनी नंतर दळून नेलं होतं, त्यांचं सगळं ठीक निघालं. शनिवारी लवकर आलेल्या तिघींच्या तिखटात शिसं होतं. ते तिखट ललितानं पिशवीत बांधून घेतलं. गटाच्या चाळीस किलो पुडीचं पिंप मॅडमनी सील केलं. ते कुठे न्यायचं, ते त्या बघणार होत्या. ज्यांच्या घरात लहान मुलं होती, त्यांना मॅडमनी शिरूरला नेऊन मुलांच्या रक्ताची तपासणी करायला सांगितलं, आणि कुणाकडे जायचं तेही लिहून दिलं.

शेवटी साळूबाईंनी कमरेची मिसरीची डबी काढली. "ह्याचा पन काढ."

मॅडमनी डबी बंदुकीखाली धरली. "शिसं नाही, आजी. पण तंबाखू जाळलेलीच आहे. सोडा."

"नव्वद वर्षं झाली. आता सोडून कुठं जाऊ?" साळूबाईंनी डबी परत घेतली.

अंधार पडायच्या आत नव्या तोंडातून ताजा वाळलेला पाला दळला गेला. त्यातली मूठभर पूड ललितानं पिशवीत भरली आणि नंबर घातला, एकशे एकोणतीस.

शनिवारी सकाळच्या एसटीत अनसाबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुम्ही कुठं?"

"तुझ्या हापिसात. मला फोनवर निकाल नको. मागच्या टायमाला फोनवर ऐकला, आन् इचारायचं ते राहूनच गेलं."

"आधी सांगते, मॅडमची सही झाल्याबिगर मी काही सांगणार न्हाई."

"नको सांगू. तोंडावरून कळंल मला."

"माझं तोंड बघू नका."

अनसाबाई प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसल्या. पिशवीतून शेंगा काढून निवडायला लागल्या, कारण रिकामं बसायची सवय नाही. आत ललितानं बांगड्या काढल्या, हात धुतले, दहा कप भरले. पहिला सपाट. दुसरा सपाट. पाचवाही सपाट. दहावा झाला तेव्हा मॅडमनी दहाही आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले. शिशाच्या जागी दहाही रेषा जमिनीला लागून. मॅडमनी अहवाल छापला, सही केली, शिक्का मारला.

ललिता कागद घेऊन बाहेर आली. चेहरा तिनं इतका कोरा ठेवला होता की अनसाबाईंच्या हातातली शेंग खाली पडली.

"काय गं?"

"वाचा तुम्हीच."

"मला इंग्रजी येतंय का, भवाने!"

"खाली मराठीत हाय. शेवटची ओळ."

अनसाबाईंनी कागद लांब धरला, बोट ठेवून एकेक शब्द वाचला. शिसे: आढळले नाही. पुन्हा वाचला. मग त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि ललिताच्या पाठीत असा धपाटा मारला की आतून मॅडम डोकावल्या.

"सांगायला काय झालं हुतं तोंडानं?"

"सही पाहिजे ना," ललिता पाठ चोळत म्हणाली. आता तीही हसत होती.

अनसाबाईंनी फोन काढला. विश्वजीतनं पहिल्या रिंगलाच उचलला, म्हणजे तोही वाटच बघत होता.

"जेसीबीवाल्याला सांग, सोमवारी येऊ नको. न्हाई, काही झालं न्हाई. झाडं राहत्यात. व्हय, एकशे चाळीस. उसाला दोन सऱ्या कमी पडल्या तर रडत बसू नको." मग पहिल्यांदाच शेताच्या मालकिणीच्या आवाजात, त्या म्हणाल्या, "आन् ऐक. आपली लाईट आज बारापर्यंत हाय. ऊस ऱ्हाऊ दे. आधी शेवग्याला पाणी सोड."